वास्तुछायाचित्रण : काम, करार आणि क्लायंट

आर्किटेक्टचे काम जागचे हलत नाही. चित्रकार आपले चित्र प्रदर्शनात नेऊ शकतो, लेखक पुस्तक पाठवू शकतो. घर मात्र बांधले तिथेच राहते, आणि मालक राहायला आला की त्याचे दार बाहेरच्यांसाठी बंद होते. त्यातच भारतात आर्किटेक्टला आपल्या सेवेची जाहिरात करण्यावर बंधने आहेत. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टखाली १९८९ साली झालेल्या व्यावसायिक आचारनियमांत ती घातलेली आहेत. मग नवे काम मिळवायचे तर मासिकात छापून येणे, पारितोषिकासाठी प्रवेशिका पाठवणे आणि येणाऱ्या क्लायंटला जुनी कामे दाखवणे, हेच मार्ग मुख्यतः उरतात, आणि या तिन्हींसाठी चांगली छायाचित्रे लागतात. वास्तुछायाचित्रकाराचा व्यवसाय या गरजेवर उभा आहे. ही गरज एकदा भागून संपत नाही, दर नव्या इमारतीबरोबर पुन्हा निर्माण होते. म्हणूनच या क्षेत्रात गाजलेल्या एखाद्या छायाचित्रावर फार काळ निभत नाही. पाच-सहा आर्किटेक्ट वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बोलावतात, तेव्हा व्यवसाय स्थिरावतो.

या व्यवसायाचा इतिहासही अशा जोड्यांचाच आहे. लॉस एंजेलिसच्या ज्युलियस शुलमनने आर्किटेक्चरचे शिक्षण घेतले नव्हते आणि छायाचित्रण हाही तोवर त्याचा धंदा नव्हता. १९३६ साली आर्किटेक्ट रिचर्ड नॉइट्राच्या ऑफिसातल्या एका ड्राफ्ट्समनबरोबर तो कुन हाउस हे नवे घर पाहायला गेला, खिशात मावणाऱ्या कोडॅक कॅमेऱ्याने काही छायाचित्रे घेतली आणि त्यांचे प्रिंट त्या ड्राफ्ट्समनला दिले. नॉइट्राने ते पाहिले, विकत घेतले आणि आणखी काम सांगितले. त्याच्या ओळखीने शहरातले इतर आधुनिक आर्किटेक्टही शुलमनला बोलावू लागले. त्यांच्यापैकी राफाएल सोरियानोने पुढे शुलमनच्या स्वतःच्या घराचा आराखडा केला. छायाचित्रकार आणि आर्किटेक्ट यांचा संबंध किती घट्ट होऊ शकतो, हे एवढ्यावरून कळते.

शुलमनचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र मे १९६० मधले आहे. पिएर कोनिगने बांधलेल्या केस स्टडी हाउस क्रमांक २२ ची काचेची खोली टेकडीच्या कड्यावरून पुढे आलेली आहे, आत दोन तरुणी गप्पा मारत बसल्या आहेत आणि खाली दिव्यांनी भरलेले शहर पसरले आहे. पाहणाऱ्याला तो एक सहज टिपलेला क्षण वाटतो. प्रत्यक्षात त्या वेळी घर पुरते तयारही नव्हते आणि फर्निचर मागवून मांडलेले होते. शहराचे दिवे फिल्मवर उमटावेत म्हणून घरातले दिवे बंद ठेवून सुमारे सात मिनिटांचे एक्स्पोजर दिले गेले. तेवढा वेळ त्या दोघी अंधारात बसून होत्या. नंतर फ्लॅशचे बल्ब उडवून खोली उजळली, तेव्हा बाहेर आणि आत दोन्ही एकाच निगेटिव्हवर आले. आर्किटेक्टला जे सांगायचे होते, म्हणजे भिंत नाहीशी करून घर शहराच्या अंगावर उघडणे, ते या तांत्रिक खटपटीमुळे दिसू शकले. शुलमनने आपले निगेटिव्ह आयुष्यभर जपले आणि तीच छायाचित्रे मासिकांना, उत्पादकांना, प्रकाशकांना पुन्हा पुन्हा वापरायला दिली. लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेकडे त्याचा संग्रह गेला, तेव्हा त्यात निगेटिव्ह, प्रिंट आणि पारदर्शिका मिळून २ लाख ६० हजारांहून अधिक नग होते.

फ्रान्समध्ये ल्युसिआँ एर्वेने १९४९ साली मार्सेय इथली ल कार्बुझिएची बहुमजली वसाहत पाहिली आणि एका दिवसात ६५० छायाचित्रे काढून त्याला पाठवली. ल कार्बुझिएने त्याला कळवले की तुमच्या अंगी आर्किटेक्टचा आत्मा आहे, आणि १९६५ साली स्वतःचा मृत्यू होईपर्यंत आपल्या इमारती एर्वेकडूनच टिपून घेतल्या. चंदीगड आणि अहमदाबादची कामे टिपायला एर्वे भारतातही आला होता. भारतातले ठळक उदाहरण दिल्लीच्या मदन महट्टांचे. कनॉट प्लेसमधल्या घरच्या स्टुडिओचा व्याप सांभाळताना त्यांनी स्वातंत्र्योत्तर दिल्लीतल्या आर्किटेक्टांची कामे अनेक दशके टिपली. राज रेवल यांचे प्रगती मैदानावरचे १९७२ चे हॉल ऑफ नेशन्स बांधले जात असतानाही त्यांचा कॅमेरा तिथे होता. ती इमारत एप्रिल २०१७ मध्ये पाडली गेली. आज तिचा अभ्यास करणाऱ्याला नकाशे आणि अशी छायाचित्रे यांवरच विसंबावे लागते.

नवख्याची सुरुवात बहुधा विनामोबदला सरावाने होते, आणि त्यासाठी मुंबईच्या ओव्हल मैदानाइतकी चांगली शाळा नाही. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या गॉथिक इमारती, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ साली या दोन्हींना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. डेको इमारतींची तोंडे पूर्वेकडे आहेत, त्यामुळे त्यांच्या बाल्कन्या आणि छज्जे सकाळी उठून दिसतात. गॉथिक इमारतींची मैदानाकडची बाजू पश्चिमेची, तिचे दगडी कोरीवकाम दुपार कलल्यावर उलगडते. एकाच मैदानावर उभे राहून दिवसाच्या दोन टोकांना काय बदलते, हे तिथे डोळ्यांना शिकवता येते. रस्त्यावरून इमारतीचे छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे हा कॉपीराइटचा भंग होत नाही, असे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये म्हटले आहे. आवारात शिरण्याची परवानगी हा मात्र निराळा प्रश्न. संरक्षित स्मारके, रेल्वे स्थानके, संस्थांची आवारे इथे ट्रायपॉड लावण्यापूर्वी संबंधित कार्यालयाला विचारणे भाग आहे.

सरावातून तयार झालेला पोर्टफोलिओ कसा असावा, याबद्दल नवख्यांचा अंदाज बहुतेकदा चुकतो. वीस इमारतींचे एकेक देखणे छायाचित्र दाखवले तर आर्किटेक्टला एवढेच कळते की याला चांगला कोन सापडतो. एकाच इमारतीची पंधरा छायाचित्रे दाखवली, म्हणजे रस्त्यावरून दिसणारे रूप, प्रवेश, जिना, खोल्यांचा एकमेकींशी संबंध, खिडकीचा तपशील, संध्याकाळचा प्रकाश, तर याला इमारत वाचता येते हे समजते. काम दुसऱ्या प्रकारच्या पोर्टफोलिओवर मिळते. ही पहिली इमारत बड्या फर्मची असण्याची गरज नाही. ज्याचे पहिलेच घर नुकतेच पूर्ण झाले आहे आणि ज्याच्याकडे छायाचित्रांसाठी फारसे पैसे नाहीत, असा तरुण आर्किटेक्ट आणि तरुण छायाचित्रकार यांची वाढ बरोबरीने होते. पुढे त्या आर्किटेक्टकडे मोठी कामे आली की तो अनोळखी माणसाकडे जात नाही. एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडे दोन-तीन वर्षे असिस्टंट म्हणून राहण्याचा रस्ताही चांगला आहे. तिथे कॅमेऱ्यापेक्षा जास्त शिकायला मिळते ते साइटवर माणसांशी कसे बोलायचे, हे.

काम ठरले की कॅमेऱ्याच्या आधी नकाशा हातात घ्यायचा असतो. प्लॅन, सेक्शन आणि उत्तर दिशा यांवरून शूटचा निम्मा आराखडा ठरतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. मेच्या मध्यावर येणाऱ्या शून्य सावलीच्या दिवसापासून जुलैअखेरपर्यंत तो उत्तरेला सरकतो, पण त्यातला मोठा काळ पावसाळी ढगांत जातो. त्यामुळे ज्या इमारतीचे मुख्य एलिव्हेशन उत्तरेला आहे, तिच्यावर तिरपे ऊन मिळवायचे तर एप्रिल-मेमधली सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी लागते, नाहीतर ढगाळ दिवसाचा सपाट उजेड किंवा सूर्यास्तानंतरचा निळा प्रकाश यांवर भागवावे लागते. ऑक्टोबरात शूट करण्याची घाई झालेल्या आर्किटेक्टला हे आधीच सांगितले, तर पुढची नाराजी टळते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घराचा रंग मात्र पावसाळा संपता संपता, भिंत ओलसर आणि भोवती हिरवे असतानाच सर्वांत चांगला येतो.

सूर्यास्तानंतरचा निळा प्रकाश हिशेबाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. बाहेरचे आकाश आणि आतले दिवे यांची तीव्रता जुळते ती जेमतेम पंधरा-वीस मिनिटे. तेवढ्यात एका जागेवरून, फार तर दोन जागांवरून काम होते. आर्किटेक्टला तीन बाजूंची संध्याकाळची छायाचित्रे हवी असतील, तर बहुधा तीन संध्याकाळी लागतात, आणि कोटेशनमध्ये दिवस का वाढले याचे उत्तर यात असते. उभ्या रेषा सरळ ठेवण्याचेही असेच. कॅमेरा वर कलवला की इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. पूर्वी भात्याच्या (बेलोज) मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सची पाटी वर सरकवून हा दोष टाळत. आज तेच काम टिल्ट-शिफ्ट लेन्स करते. संगणकावरही रेषा सरळ करता येतात, पण त्यात चित्राचे काठ कापले जातात आणि प्रमाणे बिघडण्याची भीती राहते. आपण आखलेल्या प्रमाणांशी झालेली ही ढवळाढवळ आर्किटेक्टच्या लगेच लक्षात येते.

साइटवरचा दिवस बहुतांशी वस्तू हलवण्यात जातो. राहत्या फ्लॅटमधला दिवाणखाना घेतला तर सोफा भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावा लागतो, टीव्हीमागच्या वायरी बांधाव्या लागतात, पंखा थांबवावा लागतो, फ्रिजवरची स्टिकर काढावी लागतात. छतातल्या चार दिव्यांपैकी तीन पिवळसर आणि एक पांढराफटक असेल, तर तो बल्ब तिथल्या तिथे बदलणे रात्री संगणकावर रंग जुळवत बसण्यापेक्षा सोपे. बाल्कनीतले कपडे, शेजाऱ्याच्या एसीचे बाहेरचे युनिट, जिन्यातल्या चपला या सगळ्यांबद्दल कुणालातरी विनंती करावी लागते. घरच्या काकूंना देवघर चित्रात हवे असते आणि आर्किटेक्टला ते नको असते, असेही होते. अशा वेळी दोन्ही प्रकारची छायाचित्रे घ्यावीत; एक फ्रेम जास्त घेण्याला काही लागत नाही. घर त्यांचे आहे आणि पुन्हा त्याच दारातून आत जायचे आहे, याचा विसर पडू देऊ नये. सोसायटीच्या सेक्रेटरीचे पत्र आणि वॉचमनला आधी दिलेली कल्पना, या दोन गोष्टींवाचून अडलेले शूट खूप असतात.

ड्रोनच्या बाबतीत जास्त काळजी हवी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागले आहे, आणि व्यावसायिक कामासाठी २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. मुंबईचा विमानतळ किंवा पुण्याचा लोहगावचा हवाई तळ यांच्या आसपासचा मोठा भाग मोकळा नाही. पोलिसांचे स्थानिक मनाई आदेश आणखी वेगळे. आर्किटेक्टने आग्रह धरला तरी परवानगीविना ड्रोन उडवू नये, कारण कारवाई उडवणाऱ्यावर होते.

छायाचित्रांत किती फेरफार करावा, यावर क्लायंटशी आधीच बोलणे झालेले असावे. तात्पुरत्या गोष्टी, म्हणजे रस्त्यावर उभी राहिलेली गाडी, भिंतीवरचा डाग, अर्धवट वाढलेले लॉन, काढायला किंवा सावरायला हरकत नसते. कायमच्या गोष्टी हलवू नयेत. शेजारचा टॉवर पुसून टाकला किंवा समोरची विजेची तार गायब केली, तर ती इमारत जिथे आहे त्या जागेबद्दलच खोटे सांगितल्यासारखे होते. आगाखान पुरस्कारासारख्या मानाच्या पारितोषिकासाठी निवडलेल्या इमारती परीक्षणासाठी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या जातात; तिथे पुसलेला टॉवर पुन्हा उभा राहतो आणि त्याची लाज आर्किटेक्टला सोसावी लागते.

आता पैसा आणि हक्क. कोटेशनमध्ये दिवसाची फी, तयार छायाचित्रांची संख्या, रिटचिंग, प्रवास, असिस्टंट आणि स्टायलिंग यांचा खर्च हे सगळे लिहिले जाते. वापराचा परवाना मात्र बहुतेकदा राहून जातो आणि तिथेच खरे नुकसान होते. ब्रिटन किंवा अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छायाचित्रकाराकडे सर्वसाधारणपणे कॉपीराइट आपोआप राहतो. भारतात तसे नाही. १९५७ च्या कायद्याचे कलम १७ सांगते की एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते सांगणारा असतो. म्हणजे लेखी काही नसताना आर्किटेक्टने किंवा बिल्डरने पैसे दिले, की छायाचित्रे त्याची. इंग्रजी पुस्तकांतला सल्ला डोळे झाकून लावणारे इथे फसतात. काम सुरू होण्याआधी एक पानभर करार केला आणि त्यात कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, क्लायंटला अमुक वापराचा परवाना मिळेल असे लिहिले, की प्रश्न मिटतो. परवान्याची मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नये. ते लिहिले नाही तर कायदा मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत असा धरतो. परदेशी मासिकांत छापायची इच्छा असलेल्या आर्किटेक्टलाही हे स्पष्ट असणे सोयीचेच. कॉपीराइट दिला तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ नुसार छायाचित्रकाराकडेच राहतो, त्यामुळे छायाचित्राखाली नाव मागण्यात संकोच नसावा.

एका इमारतीच्या छायाचित्रांची गरज एकट्या आर्किटेक्टला नसते. बिल्डर, इंटिरिअर डिझायनर, स्ट्रक्चरल सल्लागार, दिव्यांचे सल्लागार, लँडस्केप करणारे, खिडक्या आणि टाइल्स पुरवणाऱ्या कंपन्या या सर्वांना ती हवी असतात. समंजस छायाचित्रकार हे शूटआधीच विचारतो. दोघे-तिघे एकत्र आले तर शूटचा खर्च वाटला जातो आणि परवान्याची फी प्रत्येकाकडून वेगळी घेतली जाते. आर्किटेक्टचे ओझे हलके होते, छायाचित्रकाराची मिळकत वाढते. विचारले नाही, तर छायाचित्रे आर्किटेक्ट आपल्या ओळखीत फुकट वाटतो आणि सहा महिन्यांनी तीच एखाद्या खिडक्यांच्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये दिसतात. त्या वेळी भांडून कंपनीही जाते आणि आर्किटेक्टही. परवाना दुसऱ्याला देता येणार नाही, हे वाक्य करारात असावे आणि छायाचित्रे सुपूर्द करतानाच्या ईमेलमध्ये पुन्हा लिहावे. क्लायंटला ते उद्धट वाटत नाही. कारण सांगितले की पटते, कारण आर्किटेक्टही आपल्या ड्रॉइंगच्या हक्काबद्दल तितकाच जागरूक असतो.

घरमालकाची संमती वेगळी घ्यायची असते. आर्किटेक्टने बोलावले म्हणजे मालकाची हरकत नाही असे होत नाही. दारावरची पाटी, गाडीचा नंबर, मुलांचे फोटो, तिजोरीची जागा या गोष्टी चित्रात येऊ नयेत, एवढी हमी दिली की बहुतेक कुटुंबे मोकळेपणाने घर उघडतात. निवडक छायाचित्रांचा एक छोटा अल्बम घरी पाठवला, तर पुढच्या वेळी दुसऱ्या ऋतूत तेच घर टिपायला परवानगी मिळते.

छायाचित्रे तयार झाली की ती कुठे प्रसिद्ध होणार हे ठरवणे आर्किटेक्टच्या हातात असते. मासिकांना आणि मोठ्या संकेतस्थळांना शक्यतो अप्रसिद्ध काम हवे असते. छायाचित्रकाराने उत्साहाच्या भरात सोशल मीडियावर आधीच टाकलेले एखादे छायाचित्र आर्किटेक्टचा वर्षभराचा बेत बिघडवू शकते. नवख्याच्या हातून तुटलेले संबंध बऱ्याचदा इथेच तुटतात. प्रसिद्धीची तारीख आर्किटेक्टकडून लेखी घ्यावी आणि ती पाळावी. उलट बाजूने, जाणत्या छायाचित्रकाराची संपादकांशी ओळख असते, आणि कोणते काम कुठे शोभेल हे तो सुचवू शकतो. ही मदत कोटेशनमध्ये दिसत नाही, तरी तिच्यामुळे पुन्हा फोन येतो.

दीर्घ संबंधांत छायाचित्रकार हळूहळू बांधकामाच्या वेळीही बोलावला जाऊ लागतो. डच छायाचित्रकार इवान बानने आर्किटेक्चरचे शिक्षण न घेता रेम कूलहासच्या फर्मबरोबर काम सुरू केले आणि बीजिंगमधली सीसीटीव्ही या चिनी सरकारी दूरचित्रवाणीची इमारत उभी राहत असतानाच टिपली. त्याच्या छायाचित्रांत कामगार, वाटसरू, भोवतालची वस्ती भरपूर असते. रिकाम्या, आवरलेल्या इमारतींच्या छायाचित्रांना सरावलेल्या आर्किटेक्टांना त्यामुळे वेगळी वाट दिसली. महाराष्ट्रातल्या शाळा, दवाखाने, ग्रामपंचायतींच्या इमारती यांना हीच पद्धत जास्त न्याय देते. शाळेचा व्हरांडा मुलांशिवाय दाखवला, तर तो तेवढा रुंद का ठेवला हे कळतच नाही.

उधारीचा प्रश्न सगळीकडे आहे. काम ठरताना निम्मी रक्कम ॲडव्हान्स आणि पूर्ण रिझोल्यूशनच्या फाइल देण्याआधी उरलेली, ही रीत बहुतेक क्लायंट मान्य करतात. बिल्डर कंपन्यांकडे मात्र बिल अनेक टेबलांवरून फिरते. तिथे उद्यम नोंदणी उपयोगी पडते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, द्यावेत असे २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. कुणावर खटला भरण्याची वेळ क्वचितच येते, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब विभाग ते बिल बाजूला सारत नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणीही करावी लागते, आणि कोटेशनमध्ये कर वेगळा दाखवला नाही तर तो स्वतःच्या फीमधून जातो.

मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून, इमारत, आर्किटेक्ट आणि वर्ष यांनुसार लावून ठेवणे हा कामाचाच भाग आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसातला संगणक बिघडतो, माणसे नोकरी सोडून जातात, आणि दहा वर्षांनी पुस्तक काढायचे ठरले की फोन छायाचित्रकारालाच येतो. त्या वेळी अर्ध्या तासात फाइल मिळाली, तर नव्या वापराची फीही विनाघासाघीस ठरते. फर्ममधले भागीदार वेगळे झाले तर जुनी छायाचित्रे कुणी वापरायची हा पेचही तेव्हाच येतो. परवाना व्यक्तीच्या नावे न देता फर्मच्या नावे दिलेला असेल आणि फर्म विभागली गेल्यास दोन्ही बाजूंना मूळ श्रेयनामावलीसह वापर करता येईल, असे कलम सुरुवातीलाच घातलेले असेल, तर छायाचित्रकाराला कुणाचीही बाजू घ्यावी लागत नाही आणि दोन्ही फर्म त्याच्याकडे येत राहतात.